फोन ठेवण्याचा हक्क



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी या व्याख्यानमालेला जमतो, ते या गावचे पोस्टमास्तर होते. गावात आलेल्या मनीऑर्डरी, पत्रं आणि तारा त्यांच्या हातून गेल्या. तार आली म्हटलं की मजकूर वाचायच्या आधीच घरात रडारड सुरू व्हायची, हे पन्नाशीच्या पुढच्यांना मी सांगायला नको. नोकरी लागल्याचीही तार असू शकते, हे तेव्हा कुणाच्या मनातही येत नसे. जुनी मंडळी सांगतात, मास्तर तारेबरोबर स्वतः जायचे आणि दारातच म्हणायचे, "आधी बसा. मग वाचू." १४ जुलै २०१३ च्या रात्री देशातल्या शेवटच्या तारा गेल्या आणि ती सेवा बंद झाली. तातडीच्या निरोपाचा धसका मात्र आपल्यात तसाच राहिला, आणि आज त्याच धसक्यावर मोठा धंदा चालतो.

कार्यकर्त्यांनी मला विषय दिला 'रोजच्या जगण्यात मोबाइलचा सुरक्षित वापर'. खरं तर हा विषय एका पत्रकात मावतो. ओटीपी कुणाला सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका, गाडी चालवताना बोलू नका. हे कुणाला माहीत नाही? फोन लावला की रिंग वाजायच्या आधी हेच ऐकायला लागायचं, इतकं की लोक कंटाळले. तरी डॉक्टर फसतात, निवृत्त अधिकारी फसतात, प्राध्यापक फसतात. मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली, त्यातली बरीच वर्षं काउंटरवर. फसून माझ्यासमोर येऊन बसलेली माणसं मूर्ख नव्हती, अडाणीही नव्हती. त्यांना सगळं ठाऊक होतं. फक्त समोरचा बोलत असताना फोन ठेवणं त्यांना जमलं नाही. आज मला मुख्यतः त्याबद्दलच बोलायचं आहे.

आपली पिढी फोनच्या दुष्काळात वाढली. घरी फोन नसायचा, म्हणून पत्त्याखाली शेजाऱ्यांचा नंबर देऊन पुढे 'पी.पी.' लिहायचं. शेजारच्या काकू गॅलरीतून हाक मारायच्या आणि आपण चपला न घालता धावायचो. ट्रंककॉल लावून तासन्‌तास वाट बघायची. पुढे ३१ जुलै १९९५ ला पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कलकत्त्याहून केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी मोबाइलवर बोलले आणि देशात मोबाइल आला. तेव्हा आलेल्या कॉललाही मिनिटामागे पैसे पडायचे. इतका खर्च करून कुणी फोन केलाय म्हणजे काम महत्त्वाचंच असणार, हे आपण अनुभवातून शिकलो. वाजला की उचलायचा आणि समोरच्याचं पूर्ण होईपर्यंत ठेवायचा नाही, अशी रीत पडली. मध्येच फोन ठेवणारा उर्मट ठरायचा. ती रीत त्या काळाला शोभत होती. आता कॉल जवळपास फुकट झाला आहे आणि कुणीही कुणालाही कितीही वेळा लावू शकतो, तरी आपण अजून चपला न घालता धावतो.

याचा सगळ्यात क्रूर फायदा 'डिजिटल अरेस्ट' करणारे घेतात. त्याचा क्रम आता बहुतेकांना माहीत असेल, तरी सांगते, कारण मेख त्या क्रमातच आहे. आधी कुरिअर कंपनीच्या किंवा टेलिफोन खात्याच्या नावाने फोन येतो: तुमच्या आधारवर पाठवलेल्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, किंवा तुमच्या नावच्या सिमवरून गुन्हा झाला. मग म्हणे, मुंबई क्राइम ब्रँचला जोडून देतो. व्हिडिओ कॉल सुरू होतो. पलीकडे गणवेशातला माणूस, मागे बोधचिन्ह, टेबलावर फायली. व्हॉट्सॲपवर वॉरंट येतं, त्यावर न्यायालयाचा शिक्का. आणि मग मुख्य हुकूम येतो: कॅमेरा बंद करायचा नाही, फोन ठेवायचा नाही, घरात कुणालाही सांगायचं नाही. ही पाळत काही तास चालते, कधी काही दिवस. झोपतानासुद्धा फोन उशाशी चालू ठेवायला लावतात. शेवटी ठेवी मोडून पैसे 'तपासणीसाठी' एका खात्यात भरायला सांगतात. निर्दोष ठरलात की परत मिळतील म्हणून.

आता कायदा बघा. राज्यघटनेच्या २२ व्या कलमानुसार अटक झालेल्या माणसाला २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं आणि वकिलाशी बोलण्याचा त्याचा हक्क नाकारता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तर असं आहे की अटक केली की पोलिसांनीच नातेवाइकाला किंवा तो सांगेल त्या माणसाला कळवायचं. म्हणजे खरे पोलीस घरच्यांना कळवायला बांधलेले असतात, आणि हे तोतये म्हणतात घरच्यांना सांगू नका! अपवादात्मक परिस्थिती सोडली तर सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. व्हिडिओ कॉलवरची अटक ही गोष्ट आपल्या कायद्यात कुठेही नाही. चौकशीला हजर राहण्याची नोटीस पोलिसांनी व्हॉट्सॲपवर बजावू नये, हेही सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने डिजिटल अरेस्टच्या प्रकारांची स्वतःहून दखल घेतली; न्यायालयाच्याच नावाचे खोटे आदेश लोकांना दाखवले जात होते.

ही कलमं पाठ करा असं माझं म्हणणं नाही. घाबरलेल्या माणसाला कलम आठवत नाही. मी काउंटरवर पाहिलेला एक प्रसंग सांगते. एक निवृत्त शिक्षिका मुदत ठेव मोडायला आल्या. मुदत संपायला थोडेच दिवस उरले होते. आमच्या कॅशियर मुलीने विचारलं, "बाई, आत्ताच कशाला मोडता?" त्या प्रत्येक प्रश्नाला क्षणभर थांबून उत्तर देत होत्या, जणू कुणाचं तरी ऐकून. पदराखाली कानात इअरफोन होता. त्या मुलीने एक शब्द न बोलता पैसे काढायच्या स्लिपच्या मागे लिहिलं, 'फोन चालू आहे का?' आणि काचेखालून सरकवलं. बाईंनी मान हलवली. आम्ही त्यांना केबिनमध्ये नेलं आणि माझ्या सहकाऱ्याने फोन बंद केला. बाई बराच वेळ रडल्या. मग म्हणाल्या, "मी त्यांना दोनदा विचारलं हो, ठेवू का म्हणून. ते नको म्हणाले."

सारं आयुष्य वर्गाला शिस्त लावलेली बाई चोराची परवानगी मागत होती. ज्याने कधी पोलीस ठाण्याची पायरी चढलेली नाही, कर वेळेवर भरला, रांग मोडली नाही, तोच माणूस या सापळ्यात सहज अडकतो. ज्याला पोलिसांची सवय आहे तो पलीकडच्याला चार शिव्या देऊन मोकळा होतो. सभ्यपणाची ही किंमत मला फार खटकते. म्हणून माझं म्हणणं एवढंच की आपल्या फोनवर समोरच्याचा काहीही हक्क नाही. वाक्य अर्धं असताना फोन ठेवा. 'सॉरी'सुद्धा म्हणू नका. खरोखर बँकेचा असेल तर बँकेत जाऊन विचारू, पोलिसांचा असेल तर ठाणं कुठे आहे ते आपल्याला माहीत आहे. आणि फोन ठेवल्यावर लगेच दुसऱ्या कुणाला तरी मोठ्याने सांगा. शेजारणीला सांगा, वाण्याला सांगा. मोठ्याने सांगायला लागलं की त्या गोष्टीतलं बरंचसं आपल्यालाच हास्यास्पद वाटायला लागतं.

बाकीचे प्रकार याच झाडाच्या फांद्या आहेत, ते भराभर सांगते. 'मागचं बिल भरलं नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडू' हा मेसेज महाराष्ट्रात घरोघर आला. महावितरणचे संदेश एमएसईडीसीएल या नावाने येतात, कुणाच्या दहा आकडी नंबरावरून येत नाहीत. लग्नसराईत व्हॉट्सॲपवर पत्रिका म्हणून फाइल येते. तिच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असेल तर ती पत्रिका नसते, ते ॲप असतं, आणि ते फोनमध्ये बसून तुमचे मेसेज वाचतं. वाहनाचं चलन, पीएम किसानचा हप्ता, या नावांनीही तेच येतं. कुणी 'स्टार चारशे एक'ने सुरू होणारा आकडा डायल करायला सांगितला तर तुमचे कॉल त्याच्याकडे वळतील. वळलेच असतील तर ##००२# डायल करा, ते रद्द होतात. आणि यूपीआयबद्दल एकच लक्षात ठेवा: पैसे यायला पिन लागत नाही. कुणी 'पैसे घ्यायला पिन टाका' म्हणाला की तो चोर. पूर्वी पैसे मागणारी 'कलेक्ट' विनंती पाठवून हेच करायचे. माणसाने माणसाला ती पाठवण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली. क्यूआर कोडचा खेळ मात्र चालूच आहे.

एका प्रकाराबद्दल सभेत कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. रात्री अनोळखी नंबरावरून व्हिडिओ कॉल येतो. उचलला की पलीकडे विवस्त्र बाई आणि कोपऱ्यात तुमचा चेहरा, असं रेकॉर्डिंग होतं. मग पैशांची मागणी. नाही तर तुमच्या नातेवाइकांना पाठवतो. एकदा दिले की पुन्हा मागतात. मग तोतया पोलीस फोन करतो, त्याला द्यायचे. यात साठी-सत्तरीचे गृहस्थ अडकतात आणि अब्रूपायी गप्प बसतात. श्रोतेहो, तुमच्या घरात असं घडलं तर पहिलं वाक्य 'उचललातच कशाला?' हे असू नये. त्या वाक्याच्या धास्तीनेच लोक आधी पैसे भरतात आणि मग जिवाचं बरंवाईट करून घेतात.

मुलांनाही दोन शब्द सांगायचे आहेत. आईवडिलांना नवा फोन घेऊन देता, छान. पण शिकवताना तिसऱ्या प्रश्नाला वैतागता. मग तेच प्रश्न ते अनोळखी आवाजाला विचारतात, कारण तो 'सर, मॅडम' म्हणत शांतपणे समजावतो. आता माणसाच्या आवाजाची हुबेहूब नक्कलही करता येते; 'आई, मला पकडलंय, पैसे पाठव' हा आवाज तुमचाच वाटेल. घरात एक परवलीचा शब्द ठरवून ठेवा. किल्ल्याच्या दारावर चालायचा तो दाराच्या आतही चालतो.

घाई फक्त चोराच्या फोनमध्ये असते असं नाही. रस्त्यावरची घाई आपली स्वतःचीच असते. हेल्मेट आणि कान यांच्यामध्ये फोन खोचून बोलत जाणारे स्कूटरस्वार आपण रोज बघतो. मोटार वाहन कायद्याच्या १८४ व्या कलमात २०१९ च्या दुरुस्तीने हातात फोन धरून गाडी चालवणं हे धोकादायक वाहन चालवणं ठरवलं. पहिल्याच गुन्ह्याला १ हजार ते ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद होऊ शकते. फोन हातात घ्यायचाच तर फक्त रस्ता बघायला, तोही लक्ष विचलित न होऊ देता, अशी नियमात मुभा आहे. पण पोलीस नसलेल्या फाट्यावर कायदा काय करणार? मला वाटतं, यातली अर्धी जबाबदारी फोन लावणाऱ्याची आहे. नवरा किंवा मुलगी घराबाहेर असताना आपण फोन लावतो, 'कुठे पोचलास?' पलीकडे गाड्यांचा आवाज येत असतो, तरी आपण भाजी काय आणायची ते सांगत बसतो. 'गाडीवर आहेस का?' हा पहिला प्रश्न असावा, आणि उत्तर हो असेल तर आपणच फोन ठेवावा.

मुंबईच्या लोकलमध्ये दारात उभं राहून फोन बघणाऱ्यांना 'फटका गँग' माहीत आहे. रुळांच्या कडेला, खांबाजवळ दबा धरून काठीने हातावर फटका मारतात. फोन खाली पडतो, तो उचलून पळतात. फोनसाठी झेपावलेली माणसं चालत्या गाडीतून पडली आहेत. फोन गेला तर जाऊ द्या. कानात इअरफोन घालून रूळ ओलांडणाऱ्यांबद्दल तर बोलवतच नाही. ते रूळ मुळात ओलांडायचेच नसतात.

इथे शेतकरी बसलेत, म्हणून विजेबद्दल सांगते. वळवाच्या दिवसांत मराठवाड्यात, विदर्भात वीज पडून दरवर्षी माणसं आणि जनावरं मरतात, आणि मग गावात चर्चा होते की खिशातल्या मोबाइलने वीज ओढली. मोबाइल वीज ओढत नाही. एकट्या उंच झाडाखाली उभं राहणं घात करतं. चार्जरला लावलेला फोन तेवढा कडकडाटात कानाला धरू नये, कारण विजेचा लोळ तारेतून येऊ शकतो. उलट तोच मोबाइल जीव वाचवू शकतो: पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने 'दामिनी' नावाचं ॲप केलं आहे, ते आपल्या आसपास वीज पडण्याचा धोका आधी कळवतं. शेतात जाणाऱ्याच्या फोनमध्ये ते असावं. पेट्रोल पंपावर 'मोबाइल वापरू नका' ही पाटी आणि तिच्याखालीच पैसे भरायचा क्यूआर कोड, याचा उलगडा मात्र मला अजून झालेला नाही.

मोबाइलच्या लहरींची भीती अनेकांच्या मनात असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये या लहरींना 'शक्यता नाकारता येत नाही' अशा गटात टाकलं होतं. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेच करवून घेतलेल्या मोठ्या आढाव्यात मोबाइल आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. मला त्यापेक्षा उशीखाली चार्जिंगला लावलेल्या फोनची भीती जास्त वाटते. गादीत उष्णता कोंडते, आणि लिथियमची बॅटरी एकदा तापून भडकली की सहज विझत नाही. फोनचा पाठचा भाग फुगलेला दिसला तर तो दाबून बसवू नका, टोचू नका, चार्ज करू नका. दुरुस्ती केंद्रात द्या.

फोन हरवला की माणूस आधी फोन शोधतो. आधी दुसऱ्याच्या फोनवरून सिम बंद करा, कारण सगळे ओटीपी त्यावरच येतात. मग बँकेला सांगून यूपीआय आणि कार्ड बंद करा. नंतर पोलिसांत तक्रार आणि नव्या सिमवर तोच नंबर. तक्रारीची प्रत हाती आली की 'संचार साथी' या सरकारी संकेतस्थळावर फोनच बंद करता येतो, मग त्यात कोणतंही सिम घातलं तरी चालत नाही. ही यंत्रणा २०१९ मध्ये पहिल्यांदा महाराष्ट्रात सुरू झाली आणि मे २०२३ मध्ये देशभर खुली झाली. त्यासाठी फोनचा १५ आकडी आयएमईआय क्रमांक लागतो. घरी गेल्यावर *#०६# डायल करा, आकडा दिसेल, तो वहीत लिहून ठेवा. आपल्या नावावर किती सिमकार्डं आहेत हेही तिथेच दिसतं. आणि घरच्या दोघांचे नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा. फोन गेल्यावर बायकोचा नंबर न आठवणारे पुष्कळ नवरे मी पाहिले आहेत.

शेवटचा मुद्दा पैसे गेल्यानंतरचा. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेला १९३० हा नंबर लक्षात ठेवा. तिथे तक्रार नोंदली की पैसे ज्या खात्यात गेले, आणि तिथून पुढे जिकडे सरकले, त्या बँकांना कळवलं जातं आणि उरलेली रक्कम तिथल्या तिथे अडवली जाते. चोर पैसे एका खात्यात ठेवत नाहीत. काही मिनिटांत ते पाच-दहा खात्यांत विखुरतात आणि एटीएममधून निघतात. म्हणून पहिला तास महत्त्वाचा. फोन करताना खातं, रक्कम, वेळ आणि यूपीआय असेल तर व्यवहाराचा १२ आकडी क्रमांक हाताशी ठेवा. बँकेलाही लगेच लेखी कळवा. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ओटीपी आपण स्वतः दिला असला तरी बँकेला कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेचं असतं. तुमची काहीच चूक नसताना बाहेरच्या कुणी पैसे काढले आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर तुम्हाला काहीही सोसावं लागत नाही.

पण ही पाच-दहा खाती कुणाची असतात? हे ऐकून इथले तरुण सावध व्हावेत. ती कॉलेजातल्या पोरांची, रोजंदारीवरच्या मजुरांची, छोट्या दुकानदारांची असतात. चार-पाच हजार रुपये देऊन कुणीतरी त्यांचं पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम भाड्याने घेतो. 'काही नाही रे, गेमिंगचे पैसे फिरवायचेत' म्हणतो. पोलीस पहिल्यांदा पोचतात ते या पोराच्या दारात, कारण नाव त्याचं असतं. हुकूम देणारा दूर कुठेतरी, पुष्कळदा देशाबाहेर असतो. मी अशा मुलांच्या आया बँकेत आलेल्या पाहिल्या आहेत. त्यांना खातं म्हणजे काय हेच नीट कळत नव्हतं, आणि मुलगा कोठडीत होता.

पैसे अडवण्याच्या या व्यवस्थेलाही दुसरी बाजू आहे. चोरीचे दोनशे रुपये फिरत फिरत एखाद्या भाजीवाल्याच्या क्यूआर कोडवर आले तर त्याचं खातं गोठू शकतं, आणि मग तो दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांशी पत्रव्यवहार करत बसतो. धंद्याचे पैसे अडकलेले, आणि गुन्हा काय तर कुणीतरी जुडी कोथिंबीर घेतली. फसलेल्याला त्याचे अडवलेले पैसे परत मिळायलाही, रक्कम मोठी असेल तर, न्यायालयाचा आदेश लागतो. काही ठिकाणी लोकअदालतीत ही प्रकरणं एकत्र निकाली काढतात, तिथे काम लवकर होतं. आपल्या तालुक्यातल्या विधी सेवा समितीला हे विचारायला हवं. अध्यक्षमहोदय स्वतः वकील आहेत, तेव्हा प्रश्नोत्तरांची सुरुवात मी त्यांच्यापासूनच करते.